कुंपण भाड्याने, राखण कोणाकडे?

जिल्ह्याच्या गावांतला फायरवॉलचा धंदा वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने चालत आला. बँक, कारखाना, कॉलेज किंवा रुग्णालय यांना एक पेटी विकायची, रॅकमध्ये बसवून द्यायची, तीन वर्षांचे लायसन्स लावायचे आणि मुदत संपत आली की रिन्यूअलसाठी पुन्हा दार ठोठावायचे. मधल्या काळात त्या पेटीतले लॉग कोणी वाचते का, बसवताना घाईत उघडलेले पोर्ट नंतर बंद झाले का, हे बहुतेक ठिकाणी विकणाऱ्याने विचारले नाही आणि घेणाऱ्यालाही सुचले नाही. आता ती पेटीच मागे पडू लागली आहे. फायरवॉल क्लाउडमध्ये गेली, महिन्याच्या बिलावर आली, आणि कालचा डीलर आज ‘मॅनेज्ड सिक्युरिटी सर्व्हिस प्रोव्हायडर’ म्हणून व्हिजिटिंग कार्ड छापतो आहे.

हा बदल चांगला आहे, असे माझे मत आहे. लहान संस्थांना स्वतःच्या बळावर कधीच परवडली नसती अशी सुरक्षा यातून मिळू शकते. पण शेताला कुंपण घातले तरी राखण करावीच लागते. क्लाउडमुळे कुंपण भाड्याने मिळू लागले, राखण त्याबरोबर आपोआप येत नाही. या व्यवसायातला सगळा पैसा, सगळी जोखीम आणि सगळी अप्रतिष्ठाही या दोहोंमधल्या फरकात आहे.

पेटीपासून सेवेपर्यंत

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1992 मध्ये ‘सील’ ही पहिली व्यावसायिक फायरवॉल बाजारात आणली. दोन वर्षांनी इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीची ‘फायरवॉल-1’ आली आणि हा एक स्वतंत्र उद्योग झाला. दुसऱ्याच्या नेटवर्कवर मोबदला घेऊन पाळत ठेवण्याचा व्यवसायही नवा नाही. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर सहसंस्थापक असलेली काउंटरपेन ही कंपनी 1999 पासून हेच काम करत होती आणि 2006 मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने ती विकत घेतली.

या सगळ्यामागे एक गृहीत होते: कंपनीचा डेटा मुख्य कार्यालयात असतो आणि बाहेर जायला एकच दार असते. शाखा लीज्ड लाइनने किंवा एमपीएलएसने मुख्य कार्यालयाला जोडायच्या आणि तिथल्या एका मोठ्या फायरवॉलमधून सगळ्यांचे इंटरनेट सोडायचे. ईमेल, हिशेब, एचआर, बँकेचे कोअर बँकिंगसुद्धा बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये गेले तेव्हा हे गृहीत डळमळले, आणि 2020 च्या टाळेबंदीत माणसे घरून काम करू लागली तेव्हा ते मोडून पडले. नागपूरच्या कर्मचाऱ्याचे ट्रॅफिक आधी पुण्याच्या पेटीत आणायचे आणि मग मुंबईच्या क्लाउडकडे पाठवायचे, यात वेळही जातो आणि लाइनही भरते.

तपासणी वापरणाऱ्याच्या जवळ नेण्याची कल्पना मात्र टाळेबंदीच्या बरीच आधीची. हिमाचलमधल्या उना जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेल्या जय चौधरी यांनी 2007 मध्ये झेडस्केलर स्थापन केली, ती याच कल्पनेवर. गार्टनर या संशोधन-सल्लागार कंपनीने 2019 मध्ये नेटवर्क आणि सुरक्षा एकत्र देणाऱ्या क्लाउड सेवांना ‘सॅसी’ हे नाव दिले आणि बाजाराला बोलण्यासाठी एक शब्द मिळाला. मायक्रोसॉफ्टची अझुर फायरवॉल 2018 मध्ये आणि अ‍ॅमेझॉनची नेटवर्क फायरवॉल नोव्हेंबर 2020 मध्ये आली. आज टाटा कम्युनिकेशन्स, एअरटेल यांच्यासारख्या दूरसंचार कंपन्या ही सेवा इंटरनेट लाइनबरोबर विकतात. जिल्ह्यातल्या व्यावसायिकाला त्यांच्याशी स्पर्धा करायची आहे किंवा त्यांच्यापैकी कोणाचा तरी भागीदार व्हायचे आहे.

एका नावाखाली पाच वस्तू

‘क्लाउड फायरवॉल’ या नावाने बाजारात निदान पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि गैरसमजाची सुरुवात इथेच होते.

पहिली वस्तू म्हणजे सेवा म्हणून मिळणारी फायरवॉल. कर्मचाऱ्याचा लॅपटॉप किंवा शाखेचा राउटर आपले ट्रॅफिक पुरवठादाराच्या जवळच्या केंद्रात पाठवतो, तिथे ते तपासले जाते आणि पुढे जाते. दुसरी, अझुर किंवा अ‍ॅमेझॉनच्या प्लॅटफॉर्ममधलीच फायरवॉल. ती त्या क्लाउडमध्ये ठेवलेल्या सर्व्हरचे रक्षण करते आणि तिचे बिल तासांवर आणि गेलेल्या डेटावर येते. तिसरी, फोर्टिनेट, पालो आल्टो, चेक पॉइंट यांच्या ओळखीच्या पेटीचे सॉफ्टवेअर रूप, जे क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवर चालते. चौथी, वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल, जी फक्त वेबसाइट किंवा अ‍ॅपकडे येणाऱ्या विनंत्या तपासते. पाचव्या प्रकारात पेटी जुन्या जागीच राहते, तिचे नियंत्रण तेवढे क्लाउडमधल्या कन्सोलवरून होते.

या पाचांची कामे एकमेकांच्या बदली चालत नाहीत. ज्या रुग्णालयाचे बिलिंग आणि रुग्णांच्या नोंदी तळमजल्यावरच्या सर्व्हरवर आहेत, त्याला वेबसाइटपुरती चौथी वस्तू देऊन ‘आता तुम्ही सुरक्षित’ असे सांगणे ही फसवणूक आहे, मग ती अजाणतेपणी झालेली का असेना. प्रामाणिक पुरवठादाराचे पहिले काम ग्राहकाचा डेटा कुठे आहे, कोण कुठून वापरतो आणि बाहेरचे कोण आत येते याचा एक पानी नकाशा काढणे हे आहे. कोटेशन त्यानंतर.

मागणी कुठून येते

भारतात या सेवेची मागणी दोन बाजूंनी वाढली: घडलेल्या हल्ल्यांमुळे आणि नियमांमुळे.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग 28 देशांतल्या एटीएममधून काढला गेला आणि जवळपास 14 कोटी रुपये स्विफ्टमार्गे हाँगकाँगला वळवले गेले. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा करून व्यवहारांना मंजुरी तिथूनच दिली होती. जुलै 2024 मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्याला आपल्या यंत्रणेपासून तोडले आणि देशभरातल्या सुमारे 300 लहान बँकांचे डिजिटल व्यवहार खोळंबले. देशातल्या नागरी सहकारी बँका सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत, म्हणून या दोन घटनांचा धसका इथल्या संचालक मंडळांनी घेतला, यात नवल नाही.

नियमांच्या बाजूने पाहिले तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी सगळ्यांनाच बांधले. सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची आणि यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपायचे. रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची चौकट आणली. तिच्या वरच्या पातळीवरच्या बँकेला सुरक्षा पाळत केंद्र हवेच, पण ते स्वतः उभारण्याची किंवा पुरवठादाराकडून घेण्याची मुभा आहे. सेबीने ऑगस्ट 2024 च्या चौकटीत लहान दलाल आणि तत्सम संस्थांसाठी राष्ट्रीय व मुंबई शेअर बाजारांना सामाईक पाळत केंद्र उभारायला सांगितले. लहानांनी एकेकटे लढू नये, हे नियामकांनीच मान्य केले आहे.

तरीही एक गोष्ट विक्रीच्या बोलण्यात हमखास गाळली जाते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2023 मध्ये मोठ्या नागरी बँकांसह इतर बँकांना आयटी आउटसोर्सिंगबाबत जे निर्देश दिले, त्यांचे सूत्र असे की काम बाहेर देता येते, उत्तरदायित्व देता येत नाही. घटना पुरवठादाराच्या लक्षात येते तेव्हाच बँकेचे सहा तास मोजायला सुरुवात होते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदाही हेच म्हणतो. डेटा हाताळणारा कंत्राटदार कोणीही असो, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याचा 250 कोटी रुपयांपर्यंतचा दंड मूळ संस्थेवर येतो. म्हणून ‘आम्हाला काम द्या आणि निर्धास्त राहा’ हे वाक्य कोणत्याही पुरवठादाराने तोंडातून काढू नये.

बिल, कर आणि उधारी

ही सेवा मुख्यतः तीन मापांनी विकली जाते: माणशी, शाखेमागे किंवा लाइनच्या वेगावर. माप चुकले की सौदा बुडतो. तीन पाळ्यांच्या रुग्णालयात एकाच कॉम्प्युटरवर तीन परिचारिका काम करतात. तिथे माणशी दर लावला तर बिल अकारण तिप्पट होते. उलट, फिरतीवरच्या विक्री प्रतिनिधींच्या कंपनीत शाखेमागचा दर लावला तर पुरवठादाराचे नुकसान. कारखान्यात कामगार हजार आणि संगणक नव्वद असतात, तेव्हा कोणाला वापरकर्ता म्हणायचे हे आधीच लिहून घ्यावे लागते.

दुसरा कळीचा मुद्दा रोखीच्या प्रवाहाचा. फायरवॉल बनवणाऱ्या मूळ कंपनीकडे पुरवठादाराला बरेचदा वर्षाच्या लायसन्सचे पैसे आगाऊ आणि डॉलरशी बांधलेल्या दराने भरावे लागतात. ग्राहक मात्र तिमाही संपल्यावर, तेही बिल दोनदा पाठवल्यावर पैसे देतो. सोफॉससारख्या काही कंपन्या भागीदारांना महिन्याच्या वापरावर बिल देतात. टक्काभर मार्जिन कमी पडले तरी लहान व्यावसायिकाने सुरुवात अशा योजनेतून करावी. रुपया घसरला तर नूतनीकरणाचा दर बदलेल, हे कलमही पहिल्याच करारात असू द्यावे.

इथे सेवा विकणाऱ्याला कायद्याचा एक मोठा आधार आहे आणि तो अनेकांना माहीत नसतो. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकते करावे लागते. आकारणी वर्ष 2024-25 पासून, वेळेत न दिलेल्या अशा रकमेची वजावट ग्राहकाला ती प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. पण नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणीतून अग्रक्रम कर्जाचा लाभ मिळतो, उशिरा येणाऱ्या बिलांविरुद्धचे हे संरक्षण मिळत नाही. पेटी विकणारा डीलर आणि सेवा देणारा पुरवठादार यांत कायदाही असा फरक करतो.

जीएसटीचा 18 टक्के भारही सगळ्यांवर सारखा पडत नाही. कारखाना तो पूर्ण वळता करून घेतो. बँकेला बहुधा निम्माच परतावा घेण्याचा पर्याय सोयीचा पडतो. रुग्णालयाची सेवा करमुक्त असल्याने त्याला काहीच परत मिळत नाही. रुग्णालयाला दिलेले कोटेशन करासह लिहावे, म्हणजे विश्वस्तांसमोर बसल्यावर आकडा बदलत नाही.

रात्रपाळीचा हिशेब

‘चोवीस तास पाळत’ हे शब्द प्रत्येक माहितीपत्रकात असतात. त्यांचा अर्थ हिशेबात मांडून पाहू. आठवड्याचे तास 168. एक माणूस आठवड्याला 48 तास बसतो असे धरले तर एक खुर्ची भरायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, सण आणि प्रशिक्षण धरले की पाच. पाच पगार देऊन एकच खुर्ची भरते, आणि त्या खुर्चीवरचा माणूस एका वेळी एकच अलर्ट पाहतो. दहाबारा लहान ग्राहकांच्या महिन्याच्या बिलातून हे पगार निघत नाहीत.

हल्लेखोरांना हा हिशेब पक्का ठाऊक असतो. कॉसमॉसचे पैसे एटीएममधून उपसले गेले तो 11 ऑगस्ट 2018 हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेची सुट्टी. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर फेब्रुवारी 2016 मध्ये हल्ला झाला तो गुरुवारी रात्री, तिथल्या साप्ताहिक सुट्टीच्या तोंडावर. सुट्टीच्या रात्री झोपणारी पाळत ही पाळत नव्हे.

मग लहान पुरवठादाराने काय करावे? त्याच्यापुढे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. रात्रीची पाळत मोठ्या केंद्राकडून घाऊक दराने घ्यावी, ग्राहकाला ते उघडपणे सांगावे आणि स्थानिक काम, म्हणजे शाखेत जाऊन केबल तपासण्यापासून नियम बदलण्यापर्यंतचे, स्वतः करावे. किंवा दिवसाची सेवा दिवसाची म्हणून, कमी दरात विकावी. तिसरा मार्ग, मालकाच्या मोबाइलवर अलर्ट सोडून त्याला चोवीस तास पाळत म्हणणे, हा बंद झालाच पाहिजे.

क्लाउडच्या नजरेबाहेर

क्लाउडमधली फायरवॉल तिच्यातून जाणारेच ट्रॅफिक पाहते. चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यात एक संगणक शेजारच्या मशीनच्या नियंत्रकाशी बोलतो ते तिला दिसत नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मेर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरातल्या यंत्रणा गिळल्या तेव्हा न्हावा शेवा इथल्या जेएनपीटीमधले त्याच समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. ते सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रणालीच्या अपडेटमधून शिरले आणि पुढे आतल्या आत पसरले. असा प्रसार रोखायला नेटवर्कचे आतून भाग पाडावे लागतात, आणि त्यासाठी कारखान्यात स्थानिक पेटी राहतेच. ग्राहकाला ‘पेटी काढून टाका’ म्हणण्यापूर्वी हे तपासलेच पाहिजे.

आज बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असते. ते उघडून तपासायचे तर प्रत्येक संगणकावर पुरवठादाराचे प्रमाणपत्र बसवावे लागते. मग कर्मचाऱ्याचे स्वतःचे बँक खाते किंवा वैद्यकीय अहवालही उघडू शकतो. अशा साइट वगळण्याची यादी, कर्मचाऱ्यांना आधी दिलेली लेखी कल्पना आणि तपासणीचे अधिकार कोणाला आहेत याची नोंद, या तीन गोष्टींशिवाय हे बटन सुरू करू नये.

दैनंदिन अडचणीही आहेत. अनेक सरकारी आणि बँकिंग पोर्टल ठरावीक आयपी पत्त्यांनाच आत घेतात. क्लाउडमधून गेल्यावर बाहेरचा पत्ता पुरवठादाराचा होतो आणि सोमवारी सकाळी क्लिअरिंग अडकते. राखीव पत्ता वेगळ्या दराने मिळतो, तो कोटेशनमध्ये आधीच धरावा. इंटरनेट लाइन बंद पडली तर काय, तपासणी केंद्र बंद पडले तर ट्रॅफिक तसेच सोडायचे की अडवायचे, हे निर्णय संकटाच्या दिवशी फोनवर घेण्याचे नाहीत. 18 नोव्हेंबर 2025 रोजी क्लाउडफ्लेअरच्या एका अंतर्गत फाइलचा आकार अचानक वाढला आणि जगभरातल्या असंख्य वेबसाइट काही तास बंद पडल्या. मोठे पुरवठादारही पडतात.

कुंपणच शेत खाते तेव्हा

या व्यवसायातला सर्वांत गंभीर धोका पुरवठादार स्वतःच आहे. अनेक ग्राहकांच्या किल्ल्या एकाच कन्सोलमध्ये असतात, म्हणून हल्लेखोर तिथेच येतो. जुलै 2021 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, कसेया या कंपनीच्या दूरस्थ देखभालीच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर सोडले गेले. सुमारे 60 पुरवठादारांमार्फत ते 1,500 पर्यंत लहान व्यवसायांत पोहोचले आणि स्वीडनमधल्या कूप या सहकारी दुकानसाखळीला शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. सप्टेंबर 2025 मध्ये सोनिकवॉलने जाहीर केले की ग्राहकांच्या फायरवॉलच्या सेटिंगचे क्लाउडमधले बॅकअप परक्यांच्या हाती लागले. आधी ही संख्या पाच टक्क्यांहून कमी सांगितली गेली आणि ऑक्टोबरमध्ये क्लाउड बॅकअप वापरणारे सगळेच ग्राहक त्यात असल्याचे मान्य झाले.

चुकीची मांडणीही तितकीच महाग पडते. अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेकडे क्लाउड होते, पैसा होता, तज्ज्ञ होते. तरी 2019 मध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉलच्या चुकीच्या मांडणीतून दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली आणि पुढल्या वर्षी बँकेला 8 कोटी डॉलरचा दंड झाला.

म्हणून पुरवठादाराने आधी स्वतःचे घर आवरावे. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे खाते, प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र लॉगिन, दुसऱ्या पडताळणीशिवाय प्रवेश नाही, नोकरी सोडणाऱ्याचे अधिकार त्याच दिवशी बंद, आणि कोणताही मोठा नियम दोन माणसांच्या संमतीशिवाय लागू नाही. हे विकत घ्यावे लागत नाही, पाळावे लागते.

करारात काय हवे

चांगल्या कराराचे मर्म एका तक्त्यात असते: प्रत्येक कामापुढे पुरवठादार, ग्राहक की मूळ कंपनी, यांपैकी एकाचेच नाव. अलर्ट आल्यावर किती वेळात पाहणार आणि किती वेळात उपाय करणार, हे दोन वेगळे आकडे हवेत. पहिलाच लिहून दुसऱ्याचा आभास निर्माण करणे बरोबर नाही. सहा तासांच्या अहवालासाठी पुरवठादाराने ग्राहकाला किती वेळात कळवायचे, लॉग कुठे राहणार आणि मागितल्यावर कोण काढून देणार, हेही हवे. दर तिमाहीला नियमांची झडती हवी. सगळ्यांना सगळीकडे जाऊ देणारा ‘एनी-एनी’ नियम, काम संपलेल्या ठेकेदारासाठी उघडा राहिलेला दूरस्थ प्रवेश, आता अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरची दारे या झडतीतच सापडतात. आणि करार संपताना नियमांची प्रत, लॉग आणि अ‍ॅडमिन अधिकार ग्राहकाला परत मिळण्याचे कलम तर हवेच. ग्राहकाला अडकवून ठेवून मिळवलेले रिन्यूअल फार काळ टिकत नाही.

सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या बाबतीत आणखी एक आग्रह धरावासा वाटतो. मासिक अहवाल मराठीत द्यावा. संचालक मंडळात शेतकरी, व्यापारी, शिक्षक बसतात. ठेवीदारांसमोर उत्तर त्यांना द्यायचे असते. इंग्रजी आलेखांची चाळीस पाने त्यांच्यापुढे ठेवून सही घेण्यापेक्षा ‘या महिन्यात काय अडवले, काय बदलले, काय बाकी आहे आणि तुमचा निर्णय कुठे हवा’ अशी दोन पाने ठेवली, तर निर्णय खरोखर होतात.

क्लाउड फायरवॉलची सेवा विकण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात वाढणार, यात मला शंका नाही. गरज खरी आहे, नियमांचा रेटा आहे आणि स्थानिक माणसाचा भरवसा दूरच्या कॉल सेंटरला देता येत नाही. त्यात उतरणाऱ्यांना माझी विनंती आहे: जेवढी राखण करू शकाल तेवढ्याच शेताची जबाबदारी घ्या आणि जे करणार नाही ते करारात स्पष्ट लिहा. घेणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: दुसऱ्या शनिवारी रात्री आमचे लॉग कोण पाहणार, आमच्या किल्ल्या तुमच्याकडे कोणाकोणाजवळ आहेत, आणि उद्या आम्ही तुम्हाला सोडले तर आमच्या हाती काय उरेल? या तिन्हींचे लेखी उत्तर जो देत नाही, त्याची सेवा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.